बदलीचा दिवस

दरसाल श्रावणात रायभानचं आणि रखमाजी पाटलाचं एकदा तरी वाजायचंच. औंदा धोंड्याचा महिना पडल्यानं श्रावण दोन आले होते, पण भांडण एकच, आणि तेही ठरल्या तारखेचं. गावाचे सगळे सण तिथीवर चालायचे, कधी आठ दिवस अलीकडं, कधी पंधरा दिवस पलीकडं. रायभानचा हा सण मात्र खुंटीला बांधलेल्या जनावरासारखा एका जागी उभा. पंधरा ऑगस्ट. मरियामातेला देहासकट स्वर्गात नेलं तो दिवस.

वडाळीत गावकुसाबाहेर सात घरं ख्रिस्ती होती, रायभानच्या बापाच्या वेळेपासून. मिशनच्या वहीत त्याचं नाव योसेफ असं लिहिलेलं होतं, पण त्या नावानं त्याला एकटे फादरच हाक मारायचे. रविवारी न्याहारीच्या वेळेपर्यंत पाटील त्याला मोकळा सोडायचा, तेवढ्यात वस्तीतली प्रार्थना उरकायची. हुकमाच्या सणाचं तसं नव्हतं. त्या दिवशी मिस्साला, म्हणजे देवळातल्या मोठ्या उपासनेला, गेलंच पाहिजे आणि औताला हात लावायचा नाही, असा चर्चचा हुकूमच. वर्षात असे चार-पाच दिवस यायचे. मिशन तीन कोसांवर, जाऊन येऊन अख्खा दिवस मोडायचा. आणि सालगड्याचा दिवस त्याचा नसतो, मालकाचा असतो, हे पाटलाला चांगलं ठाऊक होतं.

तोडगा पाटलानंच काढला होता, अकरा वर्षांमागं. निजाम सरकारची सालगिरह, म्हणजे वाढदिवस, आली की गावात दवंडी फिरायची. औत धरायचं नाही, चावडीला आंब्याच्या पानांचं तोरण लावायचं, सगळ्यांनी जमून सरकारच्या नावानं सलाम करायचा, पोरांना बत्तासे वाटायचे. सरकार तख्तावर बसले त्या दिवशीही तेच. “तुला त्या सलामाचं काय पडलंय?” पाटील म्हणाला होता. “तू त्या दिशी माझं औत धर. म्हसोबाच्या पट्टीत, टेकडीमागं. कुणाला दिसणार न्हाई. तुझ्या मरियेच्या दिशी मंग तू मोकळा. दिवसाला दिवस, बराबर.”

रायभानला ते पटलं. त्यानं त्याला ‘बदलीचा दिवस’ असं नाव देऊन टाकलं. अकरा वर्षांत त्याच्याकडून एकही बदलीचा दिवस चुकला नव्हता. त्यामुळं श्रावणातलं भांडण हे खरं म्हटलं तर भांडण नव्हतंच. पाटलाला आपलं मोठेपण मिरवायला काहीतरी निमित्त लागायचं, आणि रायभानही ते बिनबोभाट पुरवायचा.

औंदा मात्र पाटलाचा सूर वेगळा लागला. बारा दिवस पाऊस लागून होता. कपाशीच्या तासांत, ओळीओळींत, तण वीतभर माजलं होतं. मग आभाळ उघडलं, दोन दिवस सणसणीत ऊन पडलं, आणि चौदा तारखेला दुपारी रायभाननं मूठभर माती उचलून दाबून पाहिली. हाताला चिकटली नाही, बोटं सोडताच फुटली. वापसा आला होता. कोळपं चालवायला याच्याहून चांगली जमीन मिळत नाही, आणि अशी जमीन दोन दिवसांच्या वर राहत नाही.

पाटील छत्री टेकत बांधावर आला. “उद्या पहाटं चारी कोळपी धरायची.”

“मालक, उद्या पंधरा हाय.”

“मंग?”

“मरियेचा सण हाय.”

“अरे, वापसा काय तुझ्या मरियेसाठी थांबून राह्यला का? तिला म्हणावं, परवा जा सरगात.”

रायभान हसला. ही थट्टा दरसालची होती आणि तिला हसणं हेही कामातच धरलेलं होतं. “सालगिरहला उभा दिवस नांगर धरला व्हता मालक, म्हसोबाच्या पट्टीत. पानी प्यायाला बी बसलो न्हाई. त्यो दिवस उद्याचाच व्हता.”

“तवा वापसा नव्हता.”

“तवा ऊन व्हतं.”

पाटलीणबाई जयवंताबाई माणसांच्या भाकरी घेऊन आल्या होत्या. त्या टोपली उतरवत म्हणाल्या, “जाऊ द्या की. माझ्याम्होरं कबूल केल्तं तुमी उन्हाळ्यात.”

पाटलानं बायकोकडं पाहिलं, मग आभाळाकडं. “जा बाबा. पण आज दिवा लागेस्तवर कोळपं सुटाया नको.”

वस्तीतली बाकी सहा घरं रोजंदारीची, ती दुपारीच मिशनला गेली. सणाच्या आदल्या संध्याकाळी पापकबुली व्हायची, रात्री देवळाच्या ओसरीत सगळे झोपायचे. रायभानच्या बायकोनं, साळूबाईनं, मात्र नवऱ्याची वाट पाहिली. रायभान घरी आला तेव्हा त्याच्या मांड्या भरून आल्या होत्या, कोळप्याच्या रुमण्याच्या मुठीनं तळहाताची कातडी सोलली होती. साळूबाईनं हाताला तेल लावलं, आणि मिस्सातला प्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही चालत नाही म्हणून तांब्या पालथा घालून ठेवला.

दोघं निघाली तेव्हा नुकतं कुठं फटफटत होतं. वाट चावडीवरूनच होती. चावडीपुढच्या लिंबाची फांदी हलली, साल खरवडल्याचा आवाज आला, आणि एक माणूस सरपटत खाली उतरला. साळूबाईनं नवऱ्याचा दंड धरला. रायभाननं वर पाहिलं. शेंड्याला वेळूची काठी बांधली होती आणि काठीला फडकं. उजेड पुरता नव्हता, तरी तीन पट्टे कळत होते.

उतरलेला माणूस पाटलाचा पोरगा मच्छिंद्र होता. एकुलता एक. जालन्याला शिकायला होता, आठ दिवसांमागं गावी आला होता. लहानपणी रायभानच्याच खांद्यावर बसून त्यानं बैलपोळा पाहिलेला. गुडघे सोललेले, श्वास लागलेला. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, “रायभानकाका, कुणाला सांगू नका.”

काका! जन्मात पहिल्यांदा पाटलाच्या घरातलं कुणी त्याला काका म्हणत होतं.  रायभाननं मान हलवली, आणि मच्छिंद्र बोळात नाहीसा झाला.

गावाबाहेर ओढा ओलांडल्यावर साळूबाईनं विचारलं, “कसला वो झेंडा?”

“तिकडं इंग्रजाचं राज्य आज संपलं म्हणत्यात. गांधीवाल्यांचा झेंडा.”

“अन् आपल्याकडं?”

“आपल्याकडं निजाम सरकारच.”

“मंग त्यानं हिकडं कशाला लावला?”

“शिकल्याला हाय,” रायभान म्हणाला. त्याच्या मते एवढं कारण पुरेसं होतं.

मिशनच्या देवळावर निळ्या-पांढऱ्या पताका लावल्या होत्या. फादर रंगानं गोरे, लांब दाढीचे, फ्रान्सातले. तीस वर्षं इथं काढली होती, पण मराठी अजून पुस्तकातून उचलल्यासारखं बोलायचे. त्यांनी मरियेवर प्रवचन दिलं, झेंड्याबिंड्याचं नाव काढलं नाही. साळूबाईनं नमो मरिया म्हणताना डोळे घट्ट मिटून घेतले. मिस्सा झाल्यावर गूळभात मिळाला. रायभानला वाटलं, वर्ष भरून पावलं.

बाकीची घरं दोन दिवस तिथंच राहणार होती. रायभानच्या मनात मात्र वापसा होता. म्हणून दोघं उलट्या पावली निघाली, आणि दिवस कलायच्या आत गावाच्या वेशीत आली.

चावडीपुढं चार शिपाई आणि एक घोडा उभा होता. लिंबावरची काठी काढून खाली टाकली होती. अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचा फौजदार, खाटेवर बसला होता. रमजानच्या रोज्यानं त्याचे ओठ सुकले होते आणि त्याला हे प्रकरण दिवस बुडायच्या आत मिटवायचं होतं. त्याच्याशेजारी घोंगडीवर रखमाजी पाटील. मागं दाराशी मच्छिंद्र, धुतलेलं धोतर नेसून. गाव हात बांधून उभं होतं. कुणीतरी बोट केलं, “हा बघा आला.”

रायभान पायरीखाली उभा राहिला. पायरी चढायची त्याची प्राज्ञा नव्हती.

“क्यों रे,” अमीन म्हणाला, “आज काम पे नहीं गया? सारा गाँव खेत में, और तू अकेला छुट्टी पे?”

“सण हाय साहेब. आमच्या मरियामातेचा. दरसाल असतो.”

“दरसाल इसी तारीख को?”

“व्हय साहेब. ह्याच तारखेला.”

अमीन हसला, शिपाईही हसले. “वाह. हिंद की आज़ादी के दिन ही इनकी माता आसमान को जाती है. और तेरे बाक़ी लोग?”

“कालच गेल्ते साहेब. मी कामात अडकलो व्हतो. पहाटं निघालो.”

“याने तेरे लोगों में से रात को गाँव में तू अकेला था.” अमीन पाटलाकडं वळला. “पाटील, तुमने छुट्टी दी थी इसको?”

आता पाटील बोलेल. रायभानला त्याची इतकी खात्री होती की त्यानं खांद्यावरचं फडकं काढून तोंडही पुसलं. एक वाक्य लागत होतं. व्हय साहेब, मी दिल्ती, दरसाल देतो. बस. मग झेंडा कुणी लावला ते अमीननं शोधत बसावं.

पाटलानं मिशीवरून हात फिरवला. “मी कशाला देऊ साहेब? वापसा आलेला. मला न विचारताच गेला ह्यो.”

रायभानला वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली.

“आदमी कैसा है?” अमीननं विचारलं.

“आता काय सांगावं,” पाटील म्हणाला. तो रायभानकडं पाहत नव्हता, अमीनच्या बुटांकडं पाहत होता. “सरकारच्या सालगिरहला समदं गाव चावडीवर सलामाला आल्तं. ह्यो एकटाच न्हवता. नांगर घेऊन टेकडीमागं गेल्ता. नंतर कळलं मला.”

 गावातल्या निम्म्या माणसांना बदलीच्या दिवसाची गोष्ट ठाऊक होती. एकानंही तोंड उघडलं नाही.  केसानं गळा कापणं म्हणतात ते आजवर रायभाननं नुसतं ऐकलेलं होतं, आज ते भर चावडीत त्याच्यावरच बेतलं.

“मालक,” तो म्हणाला, “तुमीच तर... दिवसाला दिवस... पाटलीणबाईंच्या म्होरं...”

“बाईमाणसाला मधी आणू नको,” पाटील ओरडला.

अमीन उठून उभा राहिला. त्याला सगळं मिळालं होतं. “सरकार की सालगिरह को औत चलाता है, और हिंद की आज़ादी को छुट्टी मनाता है. मारो साले को.”

शिपायांनी त्याला लिंबाला कवटाळायला लावलं, मनगटं बांधली आणि वेताच्या छडीनं पाठ फोडली. साळूबाई शिपायाच्या पायाशी पडली, तिला बाजूला ढकललं. मध्ये थांबून अमीननं विचारलं, “पेड़ पर कौन चढ़ा था? तू नहीं, तो कौन? पहाटं निकला था ना, किसी को देखा?”

रायभानचा गाल सालीवर दाबला गेला होता. त्या बाजूनं त्याला चावडीचं दार दिसत होतं आणि दारात मच्छिंद्र. पोराचं तोंड पांढरं पडलं होतं. नाव जिभेवर होतं. ते नुसतं सोडून द्यायचं होतं.

“न्हाई देखा साहेब.”

तीनदा विचारलं, तीनदा त्यानं हेच सांगितलं. साळूबाईलाही विचारलं. तिनं नवऱ्याकडं पाहिलं आणि मान हलवली. दिवस मावळायला त्याला दोरीनं घोड्यामागं बांधून ठाण्याकडं नेलं.

ठाण्यात सतरा दिवस गेले. पाण्याच्या घागरी भरायच्या, लाकडं फोडायची, घोड्याची लीद काढायची. पाठीच्या जखमांवर माशा बसायच्या, घाम आला की चरचरायचं. रोज सकाळी जमादार विचारायचा, “याद आया?” रोज सकाळी रायभान म्हणायचा, “न्हाई देखा.” त्याला आपलं स्वतःचंच नवल वाटायचं. ज्या घरानं त्याला इथं पाठवलं, त्याच घराचं नाव तो दाताखाली धरून बसला होता. पण त्याला एक आशा होती. आज ना उद्या पाटील ठाण्याच्या फाटकात उभा राहील आणि म्हणेल, साहेब, चूक झाली, सुट्टी मीच दिल्ती. गडबडीत माणूस भितो. घरी गेल्यावर, भाकरी मोडताना, त्याला लाज वाटेल. अकरा वर्षं आपण त्याचं औत धरलंय.

पाटील आला नाही. साळूबाई एक दिवसाआड भाकरी बांधून चालत यायची. सातव्या दिवशी ती सांगू लागली, “मी गेल्ते पाटलीणबाईकडं. म्हणलं, बाई, तुमच्या कानानं ऐकलंय तुमी, तेवढं साहेबाला सांगा.”

“मंग?”

“म्हणल्या, साळू, बाईमाणसानं चावडीवर काय बोलावं? रडत व्हत्या. सुपभर जवारी घातली पदरात.”

“घेतलीस?”

“घरात दाना नव्हता,” साळूबाई म्हणाली, आणि फडक्याची गाठ सोडायला लागली. भाकरी त्याच जोंधळ्याची होती. रायभाननं ती खाल्ली. घास गिळताना त्याला लाज वाटली, पण भूक लाजेला विचारत बसली नाही.

सोळाव्या दिवशी फादर आले. टांगा करून, काखेत लॅटिन पंचांग घेऊन. ते पुस्तक त्यांनी अमीनसमोर उघडून ठेवलं आणि तारखेवर बोट ठेवलं. “हे पाहावे. पंधरा ऑगस्ट हा आमचा हुकमाचा सण आहे. शेकडो वर्षांपासून. यात राजकारण नाही.”

अमीननं पुस्तक उलटंपालटं केलं. “ठीक है पादरीसाहब. यह दिन माफ़. लेकिन सालगिरह? उस दिन भी आपका कोई सण था, के काम करना?”

फादर रायभानकडं वळले. त्यांचे निळे डोळे दुखावलेले दिसले. “योसेफ, राजाच्या वाढदिवशी मी तुम्हा सर्वांस सांगितले होते, काम करू नका, राजासाठी प्रार्थना करा. तू त्या दिवशी नांगर धरलास?”

“धरला फादर.”

“का?”

“मरियेच्या दिवसासाठी. एक दिवस भरायचा, तवा एक दिवस सुटायचा. दरसाल असंच चाललंय.”

“हे तू मला कधी सांगितले नाहीस.”

 सांगण्यासारखं त्यात काय होतं, हेच रायभानला कळेना. फादरला तारखा ठाऊक होत्या, पण त्या तारखा कशा मिळवायच्या हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

“पाटील तो बोलता है, अपनी मर्ज़ी से गया,” अमीन म्हणाला.

फादरनी पंचांग मिटलं. पाटलानं खोटं बोलावं असं त्यांना काही कारण दिसत नव्हतं. “तो अडाणी मनुष्य आहे,” ते शेवटी म्हणाले. “मी त्याचा जामीन राहतो.” रायभानवर विश्वास बसला असं ते म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याला सरकारच्या पिवळ्या झेंड्यापुढं सात वेळा सलाम करायला लावलं आणि सोडून दिलं.

घरी आल्यावर तो दोन दिवस पालथा पडून होता. साळूबाई हळद लावायची. तिसऱ्या दिवशी पाटलाचा गडी निरोप घेऊन आला, मालकानं गोठ्यात बोलावलंय. रायभान उठला, अंगात सदरा घातला. सदरा पाठीला चिकटत होता. साळूबाई म्हणाली, “कशाला जाता?” तो म्हणाला, “आपणहून बोलावलंय ना.” त्याला फार काही नको होतं. पाटलानं एकदा म्हणावं, रायभान, चुकलं माझं. तेवढ्यावर तो उद्या सकाळी औत धरायला तयार होता.

गोठ्यात पाटील एकटाच होता. रायभाननं वाढवलेली बैलजोडी त्याला ओळखून माना हलवायला लागली. त्यानं एकाच्या वशिंडावर हात ठेवला.

“तू नाव घेतलं न्हाईस,” पाटील म्हणाला. “मच्छिंदरनं समदं सांगितलं मला. तुझे उपकार हायेत.”

“तुमाला तवाच ठावं व्हतं का मालक? चावडीवर?”

 “त्याचे गुडघे सोलल्याले व्हते. सकाळीच दिसले मला.”

“मंग मालक, झेंड्याचं ऱ्हाऊ द्या. सुट्टी तुमी दिल्ती, एवढं तर बोलायचं व्हतं.”

“बोललो असतो तर अमीन म्हणला असता, पाटील असून सालगिरहला औत चालवतोस? मंग माझं घर झाडलं असतं. पोरगं गेलं असतं माझं.”

“म्हंजी कुणीतरी जायाचंच व्हतं.”

“तसं समज.”

रायभान बैलाची पाठ चोळत राहिला. राग यायला हवा होता, आला नाही. वाट पाहत होता तो. मेलेलं माणूस श्वास घेईल म्हणून जशी वाट पाहतात, तशी. अजूनही पाटील म्हणेल.

“एक काम कर,” पाटील म्हणाला. “तू गावात ऱ्हाऊ नको.”

“जी?”

“अमीन पुन्यांदा येईल. रझाकार फिरून राह्यले गावोगाव. एकडाव मार सोसलास. पुढल्या डावाला तोंडातून निघून जाईल तुझ्या.”

“सतरा दिवस न्हाई निघालं मालक.”

“न्हाई निघालं. कबूल. पण मला झोप न्हाई लागत रायभान, त्याचं काय करू?” पाटलाचा आवाज खरोखरच कापत होता. “जवर तू गावात हायेस तवर माझं पोरगं तुझ्या जिभेवर हाय. उद्या गाडी देतो. मिशनच्या गावाला जा. गोऱ्या साहेबाच्या धर्माचा मानूस गोऱ्या साहेबापाशीच बरा.”

रायभानचा हात बैलाच्या पाठीवरून खाली आला. नाव घेतलं असतं तर आज तो या गावात राहिला असता, आणि घेतलं नाही म्हणून त्याला जावं लागत होतं. मार खाताना एवढं दुखलं नव्हतं. तो गोठ्याबाहेर पडला, आणि पहिल्यांदाच रामराम न घालता पडला.

साळूबाईनं ऐकलं आणि ती उंबऱ्यात आली. मग पाटलाच्या वाड्याच्या दिशेनं तोंड करून ओरडली, “अरे, तुमच्या पोराला पाठीशी घालून ह्या मानसानं पाठ फोडून घेतली, अन् तुमी त्याला गावाभाईर घालता? किडं पडतील तुमच्या जिभंला!” वस्तीतली बाकीची सहा घरं दारं लावून आत बसली. त्यांनाही याच गावात औतं धरायची होती.

दुसऱ्या दिवशी गाडी आली. दोन मडकी, जातं, गोधडी, मरियेची तसबीर आणि खुरपं, एवढंच सामान होतं. गाडीला रायभानचीच बैलजोडी होती आणि कासरा दुसऱ्याच्या हातात. मच्छिंद्र आदल्या दिवशीच जालन्याला परत गेला होता. कपाशीच्या रानाजवळून जाताना रायभाननं पाहिलं, तासं स्वच्छ कोळपलेली होती, झाडांना फुलांची पाती लागली होती.

मिशनच्या गावात शेत नव्हतं. फादर नवी विहीर खणवत होते, तिथं तो दगड फोडायला लागला. ज्याचं उभं आयुष्य बैलांमागं गेलं त्याला पहार जड जाते. हाताला वेगळ्या जागी घट्टे पडले. इथं रविवारी सुट्टी होती, हुकमाच्या सणाला सुट्टी होती, सालगिरहलाही सुट्टी मिळणार होती, कुठलाच दिवस भरून द्यायचा नव्हता. साळूबाई म्हणायची, देवानं सोडवलं. तो हुंकार द्यायचा. लोकांशी तो फारसा बोलायचा नाही, आणि कुणी मदतीला हाक मारली तर आधी कशाला म्हणून विचारायचा. पूर्वी असं विचारायची त्याला सवय नव्हती.

एक नोव्हेंबरला सर्व संतांचा सण. तोही हुकमाचाच. आदल्या संध्याकाळी देवळात पापकबुलीला रांग लागली. रायभान शेवटी उभा राहिला. ठाण्यातून आल्यापासून तो पापकबुलीला गेला नव्हता, आणि फादरनी दोनदा आठवण केली होती. पाळी आल्यावर त्यानं जाळीच्या लाकडी चौकटीपुढं गुडघे टेकले. पलीकडं फादरचा कान आणि दाढी तेवढी दिसत होती.

“बोल, योसेफ.”

“पाप केलंय फादर. तुरुंगात व्हतो तवा दोन-तीन रविवार मिस्सा चुकला.”

“ते पाप नव्हे. तू बंदिवान होतास. दुसरे?”

“खोटं बोललो.”

“कोणाशी?”

“सरकारशी. एका मानसाला पाहिलं व्हतं. न्हाई पाहिलं म्हणून सांगितलं.”

 फादरनी मान वळवली नाही, पण त्यांचा हात दाढीवरून खाली आला. “त्याचे नाव घेऊ नकोस,” ते हळू आवाजात म्हणाले. “किती वेळा बोललास?”

“चावडीवर तीनदा. मंग ठाण्यात रोज सकाळी एकदा, सतरा दिवस.”

“त्याला वाचविण्यासाठी?”

“व्हय फादर.”

“हेतू दयेचा होता. तरी खोटे ते खोटेच.” फादरचा आवाज नेहमीपेक्षा मऊ झाला होता. त्यांना बहुतेक आता ते पंचांग आणि तो अमीन आठवत असावेत. “त्याचा तुला मनापासून पश्चात्ताप होतो?”

रायभाननं डोळे मिटले. विचार करावा लागला नाही. उलट इतके दिवस आत अडकून राहिलेलं काहीतरी कुणी नाव घेऊन विचारल्यासारखं झालं. 

“व्हय फादर. लई व्हतो.”

“पुन्हा असे करणार नाहीस, असा निश्चय करतोस?”

“न्हाई करणार,” रायभान म्हणाला. “आता कुनासाठीच न्हाई.”